उकाड्याची रात्र आणि कॉर्टिसॉल

मे महिन्यात सांताक्रूझ वेधशाळेचा कमाल तापमानाचा आकडा साधारण ३३-३४ अंशांच्या घरात असतो. चंद्रपूर-अकोल्याच्या माणसाला तो ऐकून हसू येते, कारण त्याच्याकडे पारा ४५ ओलांडतो तेव्हा कुठे उन्हाळ्याची बातमी होते. तरीही अंधेरी, घाटकोपर, मुलुंडमधला माणूस संध्याकाळी घरी येतो तो चिडलेला, गळून गेलेला, आणि रात्री कूस बदलत पडून राहतो. यावर नेहमीचे उत्तर असे की मुंबईकर नाजूक झाला आहे. हे उत्तर चुकीचे आहे. शरीर थर्मामीटरवरचा आकडा वाचत नाही. बदल किती अचानक झाला, आतले तापमान आणि पाणी सांभाळणे जमते आहे का, आणि या कामातून सुटका कधी होणार, या तीन गोष्टींवर आपली ताणाची संप्रेरके हलतात. या तिन्हींत उपनगरांतला उकाडा विदर्भातल्या कोरड्या उन्हापेक्षा सौम्य ठरेलच असे नाही, आणि तिसऱ्या बाबतीत तर तो अधिक वाईट आहे.

ताणाच्या विज्ञानाची सुरुवातच थंडीपासून झाली. १९२०च्या दशकात हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी दाखवले की गारठलेल्या प्राण्याची अ‍ॅड्रिनल ग्रंथी, म्हणजे मूत्रपिंडाच्या डोक्यावरची छोटी ग्रंथी, जास्त स्राव सोडते आणि त्यातून शरीरात उष्णता निर्माण व्हायला मदत होते. पुढे १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांचे ‘नेचर’मधले छोटेसे पत्र गाजले. उंदरांना थंडीत ठेवा, जखम करा, दमवा किंवा विष द्या, शरीराचा प्रतिसाद सारखाच येतो, असे त्यांचे म्हणणे होते. ‘स्ट्रेस’ या शब्दाला आजचा अर्थ मिळाला तो या विचारातून. पण सेल्ये यांच्या मांडणीत एक भोक होते आणि ते जॉन मेसन या अमेरिकी संशोधकाने नेमके हेरले. त्यांनी माकडांच्या खोलीतले तापमान एकदम न वाढवता हळूहळू वाढवले, तेव्हा कॉर्टिसॉल गटातली, म्हणजे याच ग्रंथीतून सुटणारी ताणाची संप्रेरके वाढली नाहीत, उलट घटली. मग सेल्ये यांच्या प्राण्यांमध्ये दिसला तो प्रतिसाद निव्वळ तापमानाचा होता, की अचानक कोसळलेल्या संकटाने उडालेल्या गाळणीचा? माझ्या मते मेसन यांचा हा आक्षेप आजही पुरेसा वाचला जात नाही. ‘उष्णतेने कॉर्टिसॉल वाढते’ हे वाक्य सरसकट लिहिणाऱ्यांनी तर तो जरूर वाचावा.

थंडी आणि उष्णता यांना शरीर वेगवेगळ्या दारांतून उत्तर देते. थंडीत मुख्य काम नॉरअ‍ॅड्रिनलिनचे. ते मज्जातंतूंच्या टोकांतून सुटते, त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळते, रक्तदाब चढवते आणि चरबी जाळायला लावते. प्राग येथील संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांना १४ अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत तासभर बसवले. त्यांच्या रक्तातले नॉरअ‍ॅड्रिनलिन ५३० टक्क्यांनी वाढले, पण अ‍ॅड्रिनलिन जागचे हलले नाही आणि कॉर्टिसॉल किंचित खालीच झुकले. फिनलंडमध्ये आठवड्यातून अनेकदा बर्फाळ पाण्यात उतरणाऱ्यांवर बारा आठवडे केलेल्या अभ्यासातही हेच दिसले. नॉरअ‍ॅड्रिनलिन शेवटपर्यंत प्रत्येक वेळी उसळत राहिले, कॉर्टिसॉल मात्र काही आठवड्यांत उतरले. आपण स्वतः उतरलो आहोत, हवे तेव्हा बाहेर येऊ शकतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या शरीरात धोक्याची घंटा फार वेळ वाजत नाही, असा मी याचा अर्थ लावतो. गार पाण्याच्या आंघोळीने ताण पळतो, असे व्हिडिओ हल्ली फार फिरतात. ते पाठवणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की प्रयोगातले पाणी १४ अंशांचे होते, आणि बोरिवलीच्या गच्चीवरच्या सिंटेक्सच्या टाकीतून एप्रिलच्या दुपारी नळाला येणारे पाणी हाताला चटका देते.

उष्णतेचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. आत साचणारी उष्णता बाहेर टाकायला शरीर रक्त त्वचेकडे वळवते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते, पण कडक उष्णतेत एकट्या त्वचेकडेच मिनिटाला ७ ते ८ लिटरपर्यंत रक्त जाऊ शकते. त्यात घामावाटे पाणी आणि मीठ जाते. मेंदूपर्यंत रक्त पोचते ठेवायचे तर हृदयाला जोर लावावा लागतो, आणि रेनिन, अल्डोस्टेरॉन, व्हॅसोप्रेसिन ही संप्रेरके मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायचा हुकूम देत राहतात. यामागची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या दमट बेटांवर अमेरिकी सैनिक कसे टिकतील, याचा शोध मिशिगन विद्यापीठातले डॉक्टर जेरोम कॉन घेत होते. उष्ण-दमट खोलीत राहून सरावलेल्या माणसांच्या घामातले मीठ काही दिवसांत कमी होते, हे त्यांना दिसले. यामागे अ‍ॅड्रिनलमधले काही तरी असावे असा त्यांचा कयास होता. १९५३ मध्ये अल्डोस्टेरॉन वेगळे काढले गेले, आणि १९५५ मध्ये याच कॉन यांनी ते संप्रेरक अति झाल्याने होणाऱ्या उच्च रक्तदाबाच्या आजाराचे वर्णन केले. घामाचा अभ्यास करता करता रक्तदाबाचे एक कारण हाती लागले ते असे.

मग कॉर्टिसॉलचे काय? ते उष्णतेच्या पहिल्या तडाख्याला हलत नाही. घाम आणि त्वचेचा रक्तप्रवाह यांनी काम भागते आहे तोवर ते शांत असते. आतले तापमान चढू लागले, पाणी कमी पडले, सहन होईनासे झाले, की ते वर जाते. १९८२ मध्ये काही फ्रेंच संशोधकांनी तर कॉर्टिसॉल हा उष्णता सोसेनाशी झाल्याचा संवेदनशील निर्देशांक आहे, असाच निष्कर्ष मांडला. अंशांची मोजदाद करायला थर्मामीटर पुरतो, पण शरीराचा नाइलाज कधी सुरू झाला हे कॉर्टिसॉल सांगते. ते शत्रू आहे असेही नाही. अ‍ॅडिसनच्या आजारात अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णाला उष्णतेत मीठ आणि रक्तदाब राखता येत नाही आणि तो कोसळू शकतो. वाईट आहे ते हे संप्रेरक उतरायच्या वेळी न उतरणे.

आता उपनगरांकडे येऊ. एक लिटर घाम त्वचेवरून उडून गेला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेतो. तोच घाम अंगावरून ओघळून गेला तर काहीच नेत नाही, फक्त शरीरातले मीठ-पाणी घालवतो. अकोल्यात कूलर चालतो आणि मुलुंडमध्ये तो निव्वळ ओलावा वाढवतो, याचे कारण हेच. हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल तर ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या थर्मामीटरचा पारा साडेअठ्ठावीसच्या आसपास येतो. हा ओला पारा ३५ झाला तर माणूस जगू शकत नाही असे पूर्वी मानले जाई. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात तरुण, धडधाकट लोकांवर केलेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र आतले तापमान आटोक्याबाहेर जाऊ लागले ते ३१च्या जवळच. म्हणजे आपला एरवीचा मे महिना त्या रेषेपासून दोन-अडीच अंशच दूर आहे. तीही सावलीत हलके काम करणाऱ्या तरुणांची रेषा, असल्फ्याची टेकडी हंडे घेऊन चढणाऱ्या पन्नाशीच्या बाईची नव्हे. समुद्र पश्चिमेला असल्याने दुपारचा खारा वारा वर्सोव्याला आधी आणि घाटकोपर-मुलुंडला उशिरा पोचतो. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडचे वारे जोरात असले की तो आणखी रखडतो आणि त्या दिवशी पारा उसळतो. सांताक्रूझचा एप्रिलचा उच्चांक ४२.२ अंशांचा आहे, १४ एप्रिल १९५२चा. तेव्हा मुंबईला ऊन नवीन नाही. नवीन आहे ती त्याच्याभोवतीची वस्ती.

इथे पहिला आक्षेप येतो, की आम्हाला सवय आहे. सवय ही खरी शारीरिक गोष्ट आहे. दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ घटते, नाडी कमी धावते, कॉर्टिसॉलचा प्रतिसादही मंदावतो. पण सवयीने मिळतो तो मुख्यतः जास्त घाम, आणि दमट हवेत अडचण घाम येण्याची नसून घाम वाळण्याची आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्कार सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. त्या परिसरातला पारा ३८च्या आसपास होता. उन्हाळे सोसून सरावलेल्या लोकांनाही सावली नसेल आणि उठून जाता येत नसेल, तर सवय पुरत नाही.

दुसरा आक्षेप सल्ल्याच्या रूपात येतो, की भरपूर पाणी प्या. सल्ला बरोबर आहे, पाणी मिळाले की उष्णतेतला संप्रेरकांचा उठाव बराच सौम्य होतो. पण ज्या वस्तीत शौचालय सार्वजनिक आहे, रात्री त्याला कुलूप असते किंवा वाटेत अंधार असतो, तिथल्या बायका संध्याकाळनंतर पाणी मुद्दाम टाळतात. रस्त्यावर भाजी विकणारीचे आणि बंदोबस्तावरच्या महिला पोलिसाचेही तेच. त्यांच्या शरीरात व्हॅसोप्रेसिन आणि अल्डोस्टेरॉन दिवसभर कामाला जुंपलेली असतात. हा प्रश्न आरोग्यशिक्षणाने सुटणारा नाही, तो महापालिकेच्या शौचालयांचा आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली तेरा देशांतल्या ७ कोटींहून अधिक मृत्यूंचा अभ्यास आला. त्यात ७.२९ टक्के मृत्यूंचा संबंध थंडीशी आणि फक्त ०.४२ टक्के मृत्यूंचा उष्णतेशी जोडला गेला. भारतात ‘मिलियन डेथ स्टडी’ या मृत्यूंच्या कारणांच्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०१८ मध्ये झालेल्या विश्लेषणातही मध्यम थंडीचा वाटा कडक उष्णतेपेक्षा मोठा निघाला. यामागचे कारण वर आलेच आहे, आवळलेल्या रक्तवाहिन्या आणि चढलेला रक्तदाब. जानेवारीत नॅशनल पार्कच्या कडेला, बोरिवली-मुलुंडमध्ये, पहाटे माकडटोपी घालून फिरणारे आजोबा चेष्टेचा विषय होतात, पण हृदयविकाराच्या माणसासाठी ती टोपी शहाणपणाचीच आहे. तरीही या आकड्यांवरून मुंबईचा उकाडा किरकोळ ठरत नाही. एक तर सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरल्याची नोंद २२ जानेवारी १९६२ची आहे, आणि तशी थंडी इथे नेमाने पडत नाही. दुसरे म्हणजे थंडीवर गोधडी, बंद खिडकी, गरम पाणी हे उपाय गरिबाच्याही हातात असतात. अंगावरचे कपडे उतरवून झाल्यावर दमट उकाड्यावर वीज सोडून काही उरत नाही.

आणि खरे नुकसान रात्री होते. कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली असते आणि पहाटे चढू लागते. झोप लागायला आतले तापमान थोडे उतरावे लागते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात ३५ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत झोपलेल्यांचे तापमान नीट उतरले नाही, त्यांची जागही वाढली. त्याआधी १९९७ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी दाखवले होते की रात्रीची झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जेव्हा कॉर्टिसॉल उतरायला हवे तेव्हा, ते एरवीपेक्षा ३७ टक्क्यांनी वर राहते. मे महिन्यात मुंबईचे किमान तापमान २७ अंशांच्या आसपास असते आणि पहाटे आर्द्रता शिगेला पोचते. पत्र्याखाली दुपार असह्य होते, तर वरच्या मजल्यावर तापलेला स्लॅब रात्रभर ऊब सोडतो, आणि समोरच्या इमारतीतले एसी आपली गरम हवा त्याच गल्लीत ओततात. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम निदान वाळतो, गच्चीवर अंग टाकले की पहाटे डोळा लागतो. इथे गच्चीवर जाऊनही घाम वाळत नाही.

यावर हवामान खात्याची व्याख्या काय म्हणते? किनाऱ्यावर उष्णतेची लाट ठरते ती कमाल तापमान ३७ अंश किंवा अधिक आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल तर. उष्ण रात्रीची स्वतंत्र व्याख्या खात्याकडे आहे, पण ती लागू करायची अट अशी की दिवसाचे कमाल तापमान ४० किंवा अधिक हवे. म्हणजे ज्या शहरात रात्र हाच मुख्य त्रास आहे, त्या शहराला रात्रीची व्याख्या जवळजवळ कधीच लागू होत नाही. उष्ण व दमट हवेचे इशारे खाते देते, पण मृत्यू आणि आजार मोजायला लागते ती ठरलेली पट्टी, आणि ती नसल्याने उपनगरांतला उकाडा सरकारी कागदावर लाट म्हणून क्वचितच उमटतो. ४०ची अट किनारपट्टीसाठी काढून टाकावी आणि रात्रीचे तापमान व आर्द्रता वॉर्डनिहाय जाहीर व्हावी.

वाचकांनी तोवर एक गोष्ट जरूर करावी. घरात कोणी दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेत असेल, तर त्यांची अ‍ॅड्रिनल ग्रंथी मंदावलेली असू शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मीठ-पाणी राखण्याच्या यंत्रणेला तिचाही अडथळा होतो. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण मार्च संपायच्या आत डॉक्टरांना उन्हाळ्यासाठी मात्रा तपासून द्यायला सांगा.