प्रत कुणाच्या हाती?

‘षट्खंडागम’ या जैन आगमग्रंथावरची ‘धवला’ ही टीका आज सोळा छापील खंडांत मिळते. तिच्या पुढच्या आवृत्त्या सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघानं काढल्या. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती कर्नाटकातल्या मूडबिद्रीत, तिथल्या बसदीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, ताडपत्रांवरच होती. वीरसेनाचार्यांनी इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केलेल्या या ग्रंथाचं भाविकांना दर्शन घडे, वाचायला मात्र मिळत नसे. ताडपत्रं तर झिजत चालली होती.

सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी हे ‘जैन बोधक’ मासिकाचे संस्थापक आणि उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील. मुंबईच्या शेठ माणिकचंद यांच्या साथीनं त्यांनी या ग्रंथाची नक्कल करून घेण्याचा ध्यास घेतला, वर्गणी जमवली आणि १८९६ च्या सुमारास काम सुरू झालं. नक्कल करणारे गजपती शास्त्री वर्षानुवर्षं लिहीत राहिले. नक्कल मूडबिद्रीबाहेर जाऊ द्यायची नाही, असा तिथल्या मंडळींचा आग्रह होता. गजपतींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीनं आणखी एक प्रत गुपचूप तयार केली आणि ती विकण्यासाठी सोलापूर गाठलं. हिराचंदांनी ती नाकारली. अशी प्रत घेणं त्यांच्या नीतीत बसत नव्हतं. अखेर ती सहारनपूरला गेली. तिथं तिचं नागरीत लिप्यंतर होताना पुन्हा एक गुप्त नक्कल झाली, आणि तिच्यावरून आरा, कारंजा, अमरावती अशा ठिकाणी प्रती पोचल्या. त्या एकमेकींशी ताडून डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड छापला. पुढे मूडबिद्रीच्या धुरिणांनीही मूळ ताडपत्रांशी पाठ ताडून पाहू दिले.

हिराचंदांचा नकार मला आदरणीय वाटतो. तरीही ग्रंथ अभ्यासकांपर्यंत पोचला तो त्यांनी नाकारलेल्या प्रतीच्या वंशातून, हेही खरं आहे.

ई-पुस्तकं विकत घेणाऱ्यांनी हा इतिहास आज आठवावा, असं एक कारण घडलं आहे. २६ फेब्रुवारी २०२५ पासून ॲमेझॉननं किंडलची एक जुनी सोय बंद केली. तोवर विकत घेतलेलं पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घेता येई आणि यूएसबी केबलनं किंडलमध्ये टाकता येई. आता बहुतेक पुस्तकं वायफायवरून थेट यंत्रात किंवा ॲपमध्येच येतात. आपल्या संगणकावर बाजूला ठेवलेली फाइल, हा प्रकार त्यांच्यापुरता संपला. डिसेंबर २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकं मिळू लागली, तेव्हा हा प्रश्न मराठी वाचकाच्याही दाराशी आला आहे.

खरं तर ती उतरवलेली फाइलही पुरती आपली नव्हती. बहुतेक ई-पुस्तकांवर ‘डीआरएम’ नावाचं कुलूप असतं. पुस्तकाचा मजकूर गणिती पद्धतीनं असा विस्कटतात की योग्य किल्लीशिवाय तो निव्वळ निरर्थक आकड्यांची रांग उरतो. ही किल्ली म्हणजे एक लांबलचक संख्या. यूएसबीनं मिळणाऱ्या फाइलची किल्ली तुमच्या किंडलच्या अनुक्रमांकाशी जोडलेली असे. त्यामुळे फाइल कितीही ठिकाणी ठेवली तरी उघडे ती त्याच यंत्रात. पण निदान तिथं तरी उघडे, उद्या खातं बंद झालं तरी. कुलूप लावायचं की नाही हे किंडलवर प्रकाशक ठरवू शकतो. फार थोडे ते टाळतात.

किल्ली विक्रेत्याच्या सर्व्हरवर असली की काय होतं, ते २०१९ मध्ये दिसलं. मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि जुलैमध्ये ग्राहकांची पुस्तकं उघडेनाशी झाली. पैसे परत मिळाले, पुस्तकं नाहीत. त्याआधी जुलै २००९ मध्ये ॲमेझॉननं जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’च्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकल्या होत्या. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते हे कारण रास्त असेल, पण छापील पुस्तक परत न्यायला दुकानदार रात्री घरात शिरत नाही. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झाला: ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळत असेल, तर विक्रेत्यानं तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे.

मजकूर टिकतो कसा, यावर संगणकशास्त्राचं उत्तर मूडबिद्रीच्या कथेशी चकित करण्याइतकं जुळतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९९ च्या सुमारास ‘लॉक्स’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात वेगवेगळ्या ग्रंथालयांतले संगणक एकाच नियतकालिकाच्या प्रती सांभाळतात आणि ठरावीक काळानं त्या एकमेकींशी ताडून पाहतात. त्यासाठी प्रत्येक प्रतीची एक छोटी गणिती खूण काढली जाते. एक अक्षर बदललं तरी ती खूण पूर्ण बदलते. एखादी प्रत बाकीच्यांपेक्षा वेगळी निघाली की बहुमतावरून ती दुरुस्त होते. हीरालाल जैन हातानं करत होते ते हेच. दोन्हीकडे अट एकच, प्रती अनेक हव्यात आणि त्या वेगवेगळ्या हातांत हव्यात. एकाच मालकाच्या सर्व्हरवरच्या हजार प्रती ही अट पुरी करत नाहीत, कारण पुसायचा निर्णय तो एकटा घेऊ शकतो.

म्हणून जिथं कुलुपाविना ईपब किंवा पीडीएफ मिळतं तिथून ते घ्यावं, आणि निदान दोन वेगळ्या जागी ठेवावं. कुलूप तोडा असं मी सांगणार नाही. हक्कभंगाच्या हेतूनं ते तोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५ए खाली गुन्हा आहे.

त्याच दुरुस्तीनं ग्रंथालयांना एक मुभाही दिली. जतनासाठी ते पुस्तकाची डिजिटल प्रत करू शकतात, पण त्या पुस्तकाची बिगर-डिजिटल प्रत त्यांच्याकडे आधीपासून असेल तरच. म्हणजे सोलापुरातलं हिराचंद नेमचंद वाचनालय आपल्या कपाटातलं जीर्ण पुस्तक स्कॅन करून ठेवू शकेल, पण फक्त ई-रूपात निघालेल्या मराठी कादंबरीसाठी या कलमाचा आधार त्याला घेता येणार नाही. १९५४ च्या कायद्यानं छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांत पाठवणं प्रकाशकाला बंधनकारक आहे. त्या कायद्यातल्या पुस्तकाच्या व्याख्येत छपाई आणि शिळाछाप येतात, ई-पुस्तक येत नाही. ती व्याख्या बदलायला हवी, आणि तिथं जमा होणारी प्रत बिनकुलुपाची हवी.