तिकिटामागचं शहर (९) : मूल कोणाला म्हणायचं?

गेल्या आठवड्यात मासिक पासाचं गणित मांडताना एक प्रवासी मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. तो पास काढत नाही, खिडकीसमोरच्या रांगेत त्याचं डोकं कोणाला दिसत नाही, आणि स्वतःचं तिकीट तो कधीच मागत नाही. त्याच्या वतीने दुसरं कोणीतरी "एक फुल, एक हाफ" म्हणतं. आजचा लेख त्याच्यासाठी.

डोंबिवलीहून निघालेली एक आई डोळ्यांसमोर आणा. सोबत सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. जायचंय वर्सोव्याला, मावशीकडे. डोंबिवलीच्या खिडकीवर ती घाटकोपरचं एक पूर्ण आणि एक अर्धं तिकीट घेते. धाकट्याला तिकीट लागत नाही. रेल्वेचा नियम आपल्याकडे घराघरांत तोंडपाठ आहे : पाच वर्षांच्या आत मोफत, पाच पूर्ण झाल्यापासून बाराव्या वाढदिवसापर्यंत अर्धं. घाटकोपरला पूल चढून ती मेट्रोच्या खिडकीशी येते. तिथे अर्धं तिकीट नावाची गोष्टच नाही. मेट्रो वय विचारत नाही, उंची बघते. ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे जेमतेम तीन फुटांच्या आतलं मूल मोठ्या माणसासोबत मोफत, त्यावर पूर्ण भाडं. घाटकोपर ते वर्सोवा ४० रुपये. थोरलीचे ४०. धाकट्यानेही ९० सेंटिमीटर बहुधा केव्हाच ओलांडलेले असतात, म्हणून त्याचेही ४०. तिघांचे मिळून १२०. हाच टप्पा रेल्वेच्या नियमाने मोजला असता तर ६० रुपये झाले असते. संध्याकाळी याच वाटेने परतायचं असतं, म्हणजे हा फरक दुप्पट होतो. वर्सोव्याला उतरून बेस्टच्या बसमध्ये चढलं की थोरली पुन्हा 'हाफ'.

एका सकाळीत ती मुलगी अर्धी होते, पूर्ण होते आणि पुन्हा अर्धी होते. तिचा भाऊ लोकलमध्ये तिकिटाच्या हिशेबात नव्हताच, मेट्रोच्या ११.४ किलोमीटरपुरता तो आपल्या आईइतकाच मोठा धरला जातो.

हे कोणी ठरवलं? एका माणसाने किंवा एका कार्यालयाने ठरवलेलं नाही, आणि अडचण नेमकी तीच आहे. लोकल भारतीय रेल्वेची. तिचे भाड्याचे नियम देशभरच्या रेल्वेचे. बेस्ट महापालिकेच्या अखत्यारीतली; तिच्या भाडेबदलाला प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागते. ९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, ते याच वाटेने. मेट्रोसाठी तिसराच कायदा आहे, २००२ सालचा. तो मुळात दिल्ली मेट्रोसाठी झाला आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर इतर शहरांच्या मेट्रोंना लागू झाला. त्यानुसार मार्ग सुरू होताना पहिलं भाडं मेट्रो चालवणारी संस्थाच ठरवते. पुढचा बदल भाडेनिश्चिती समितीकडे जातो. समितीचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो, आणि तिची शिफारस मेट्रोवर बंधनकारक असते. त्यात मुंबईतल्या मेट्रोही एका छताखाली नाहीत. जून २०१४ मध्ये सुरू झालेला मार्ग १ खासगी भागीदारीतल्या कंपनीचा, २अ आणि ७ महामुंबई मेट्रोचे, आणि आरे ते कफ परेड हा भुयारी मार्ग ३ आणखी वेगळ्या कंपनीचा. प्रत्येकीचं स्वतःचं दार, स्वतःचा हिशेब.

या भाडेनिश्चितीच्या रस्त्यावर मुंबईत एक मोठी लढाई झालेली आहे. २०१५ मध्ये समितीने मार्ग १ साठी १० ते ११० रुपये भाडं सुचवलं, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१७ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती शिफारस रद्द केली. त्या काळात मी वर्तमानपत्रांची कात्रणं जपत होतो. ती आता पुन्हा काढून पाहिली. सगळा वाद कमाल भाडं किती, या एका आकड्याभोवती फिरतो. माझ्या कात्रणांत तरी मुलांच्या भाड्याविषयी एक ओळ नाही.

आता ९० सेंटिमीटरबद्दल. ही रेघ दिल्ली मेट्रोपासून आपल्याकडे रुळली आणि एकामागून एक शहरांनी ती उचलली. तिच्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. मेट्रोच्या दारात टीसी नाही, कंडक्टर नाही. तिथे एक यंत्र आहे आणि लांब उभा असलेला एखादा सुरक्षारक्षक. वय कागदावर असतं, उंची अंगावर असते. जन्मदाखला न मागता एका नजरेत निकाल लागतो. चालवणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय खरीच आहे, आणि ती मी हिणवणार नाही.

पण ही रेघ नेमकी कुठे पडते? जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे सर्वसाधारण मूल सव्वादोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान ९० सेंटिमीटरचं होतं. म्हणजे अजून बोबडं बोलणारं, जिना चढताना दोन्ही पाय एकाच पायरीवर टेकवणारं, कडेवर घ्या म्हणून हात वर करणारं मूल पूर्ण भाड्याचा प्रवासी ठरतं. तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांची उंची ९५ च्या आसपास पोचलेली असते. बालवाडीत नाव घालण्याआधीच मेट्रोच्या लेखी त्यांचं बालपण संपतं.

उंचीची आणखी एक बाजू मला फार खुपते. अंगणवाडीत ताई मुलाला भिंतीशी उभं करून उंची मोजतात, तेव्हा ते मूल नीट वाढतंय ना, हे पाहायचं असतं. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. म्हणजे अंगाने धड वाढलेल्या मुलाचं तिकीट लवकर लागतं आणि ज्याला पुरेसं खायला मिळालं नाही, त्याचं उशिरा. एकाच वर्गातल्या, एकाच महिन्यात जन्मलेल्या दोन मुलांना वेगवेगळं भाडं पडू शकतं, आणि तेही अशा मापाने, जे आपण दुसरीकडे कुपोषण ओळखायला वापरतो. भाड्यासारखी गोष्ट अशा मापावर उभी करू नये, असं मला मनापासून वाटतं.

वयाचा नियम निर्दोष आहे असं मात्र नाही. माझ्या लहानपणी बसमध्ये चढताना आई हळूच सांगायची, "विचारलं तर चार सांग हं." मला साडेपाच पूर्ण झाली होती. कंडक्टर विचारायचा, मी मान खाली घालून चार सांगायचो. तो माझ्याकडे बघायचा, आईकडे बघायचा आणि तिकिटांची पेटी पुढे सरकवायचा. वाचलेल्या पैशांची घरी कोथिंबीर आणि मिरच्या यायच्या. ते खोटं माझ्या जिभेवर अजून आहे, आणि आईचा तेव्हाचा अवघडलेला चेहराही. तरी त्या व्यवहारात एक माणूस समोर होता, ज्याला आमची परिस्थिती दिसत होती. नियमाला थोडी ढील देण्याचा अधिकार त्याच्या हातात होता आणि तो त्याने वापरला.

मेट्रोमध्ये मुलांना सवलत अजिबात नाही असंही नाही, पण ती वेगळ्या दाराने येते. १ मे २०२३ पासून २अ आणि ७ या मार्गांवर बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना २५ टक्के सवलत सुरू झाली. ती ४५ किंवा ६० फेऱ्यांच्या पासावर. पुण्यात आणि नागपुरात विद्यार्थ्यांसाठी हीच सवलत ३० टक्के आहे. या सवलती चांगल्याच आहेत. पण त्या विद्यार्थ्याला आहेत, मुलाला नाहीत. रोज मेट्रोने शाळेत जाणाऱ्याला त्या उपयोगी पडतात. रविवारी आजीकडे, महिन्यातून एकदा दातांच्या डॉक्टरकडे, मे महिन्यात राणीच्या बागेत जाणाऱ्या मुलाला ४५ फेऱ्यांचा पास काय कामाचा? आणि तीन वर्षांच्या मुलाकडे शाळेचं ओळखपत्र कुठून येणार? शिवाय या सवलतीला भिंती आहेत. गुंदवलीला मार्ग ७ संपतो आणि पूल ओलांडला की मार्ग १ लागतो. २अ आणि ७ साठी जाहीर झालेली सवलत त्या पुलावर थांबते, कारण पलीकडची कंपनी दुसरी.

हा भार कोणावर पडतो, हे पाहिलं पाहिजे. एकट्याने कचेरीत जाणाऱ्या माणसाला या फरकाचा पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो दोन मुलांना घेऊन दवाखाना, माहेर, लस, लग्न, शाळेचा प्रवेश अशी कामं उरकणाऱ्या बाईला. तिच्यासाठी एक प्रवास म्हणजे नेहमीच तीन तिकिटांचा प्रश्न असतो. आरे ते कफ परेड भाडं ७० रुपये. तिघांचे २१०, आणि तेही एका बाजूचे. अंधेरीहून चर्चगेटला लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं पूर्ण तिकीट १० रुपयांत मिळतं. गारेगार मेट्रो समोरून जात असताना ती दोन मुलांना सावरत गर्दीच्या लोकलमध्ये चढते, ती हा हिशेब करूनच. ज्यांना गर्दीपासून सुटका सर्वांत जास्त हवी, त्यांनाच नवी गाडी सर्वांत महाग पडते.

पैशाचा प्रश्न खोटा नाही. एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने लांब पल्ल्याच्या आरक्षित डब्यांत पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लावलं. माहितीच्या अधिकारात पुढे आलेल्या आकड्यांप्रमाणे त्यातून सात वर्षांत २,८०० कोटी रुपयांहून अधिक जादा उत्पन्न मिळालं. अर्धं तिकीट म्हणजे कोणीतरी सोडलेलं उत्पन्न, हे मान्यच करायला हवं. पण ते कोणी सोडायचं, हा निर्णय आज प्रत्येक कंपनी आपापल्या ताळेबंदाकडे बघून घेते. साऱ्या शहराच्या वतीने तो कोणीच घेत नाही.

तोक्योचं उदाहरण मला या बाबतीत महत्त्वाचं वाटतं. तिथे रेल्वे कंपन्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यातल्या बऱ्याच पूर्ण खासगी. तरी मूल कोणाला म्हणायचं, यावर सगळ्यांची व्याख्या एकच आहे : प्राथमिक शाळेच्या वयाचं मूल अर्ध्या भाड्याने, त्याहून लहान दोघांपर्यंत मोठ्या माणसासोबत मोफत. व्याख्या पक्की असल्यामुळे कंपन्या तिच्यावर पुढची पावलं टाकू शकल्या. ओदाक्यू कंपनीने मार्च २०२२ पासून कार्डावर प्रवास करणाऱ्या मुलांचं भाडं अंतर कितीही असो, सरसकट ५० येन केलं. शिंजुकूपासून ओदावारापर्यंतच्या ८० किलोमीटरहून लांब प्रवासालाही तेवढेच. चीनच्या रेल्वेने उंचीची पट्टी अनेक दशकं वापरली आणि २०२३ च्या सुरुवातीपासून बालतिकिटासाठी वयाचा आधार घेतला. तेव्हा गर्दी आणि यंत्रं असताना वय तपासता येत नाही, हे म्हणणं मला पटत नाही.

आपल्याकडे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी 'मुंबई वन' ॲप सुरू झालं. लोकल, मेट्रो, बेस्ट आणि शेजारच्या शहरांच्या बस धरून ११ परिवहन सेवा एका ॲपमध्ये आल्या. एका क्यूआर कोडवर डोंबिवलीहून वर्सोव्याला जाता यावं, इतपत यंत्रणा जोडल्या गेल्या. हे सोपं काम नव्हतं. ते जमलं असेल तर ११ सेवांनी बसून मुलाचं एक वय ठरवणं त्याहून अवघड नाही. रेल्वेचं पाच आणि बारा लोकांच्या तोंडी बसलेलं आहे, तेच धरावं. मेट्रोच्या तिकिटात बालतिकिटाचा एक पर्याय द्यावा, रुंद दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला शंका आल्यास विचारण्याचा अधिकार द्यावा, आणि सोडलेल्या उत्पन्नाचा वाटा राज्य सरकार आणि महापालिका यांनी उचलावा. पुढची भाडेनिश्चिती समिती बसेल तेव्हा तिच्यापुढे कमाल भाड्याचा आकडा येईलच. त्याच कागदावर, त्याच्या आधी, सात वर्षांच्या मुलीचं भाडं लिहिलेलं असावं.