नदीने न कोरलेली महादरी

व्हॅलेस मरिनेरिस ही मंगळावरची महादरी विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिची लांबी सुमारे ४००० किलोमीटर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराहूनही जास्त, आणि खोली काही ठिकाणी ७ किलोमीटर आहे. मंगळाचा व्यास पृथ्वीच्या जेमतेम निम्मा असल्यामुळे त्याच्या परिघाचा जवळजवळ पाचवा हिस्सा तिने व्यापला आहे. नोव्हेंबर १९७१मध्ये ‘मरिनर ९’ यान पोचले, तेव्हा धुळीच्या वादळाने ग्रह झाकला होता. धूळ खाली बसल्यावर दरी दिसली आणि यानाचेच नाव तिला मिळाले.

अमेरिकेतील ग्रँड कॅन्यन कोलोरॅडो नदीने कोरली. ही दरी मात्र मुळात जमीन ताणली गेल्याने पडली. पश्चिमेला थार्सिस हा ज्वालामुखींचा अवाढव्य उंचवटा आहे. तो वाढत गेला तसे भोवतालचे कवच ताणले गेले, लांबच लांब भेगा पडल्या आणि दोन भेगांमधली जमीन खाली खचली. हे साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या सुमारास सुरू झाले असावे. उत्तरेची हीबीस दरी याबाबत फार बोलकी आहे. ती कित्येक किलोमीटर खोल, पण चहूबाजूंनी बंद. नदीने ती कोरली असती तर गाळ बाहेर जायला वाट हवी होती. ती कुठेच नाही.

पश्चिम टोकाला नॉक्टिस लॅबिरिंथस हे एकमेकांना छेदणाऱ्या दऱ्यांचे जाळे आहे. तिथून इयस आणि टिथोनियम या दऱ्या पूर्वेकडे निघतात. मध्यभागी ओफिर, कँडोर आणि मेलास या तीन दऱ्या एकमेकींना मिळतात, आणि हाच महादरीचा सर्वांत रुंद भाग. इथले कडे वारंवार कोसळले. दरडींचा राडारोडा तळावर दूरवर पसरलेला दिसतो. दरी रुंदावण्यात या दरडींचा वाटा मोठा आहे. पुढे कोप्राटेस दरी सरळ रेषेत जाते आणि इऑसपाशी कडे ठेंगणे होत जमीन खचलेल्या टेकाडांची बनते. तिथून निघालेले प्राचीन महापुरांचे मार्ग उत्तरेला क्रिसे मैदानात उतरतात.

दरी पाण्याने घडवली नसली, तरी पाणी इथे नक्की होते. तळावरच्या थरांच्या डोंगरांत जिप्समसारखी सल्फेट खनिजे सापडली आहेत आणि ती पाण्याशिवाय तयार होत नाहीत. २०२१मध्ये युरोप-रशियाच्या ‘ट्रेस गॅस ऑर्बिटर’ यानाने कँडोर भागात जमिनीच्या वरच्या मीटरभर थरात हायड्रोजनचे मोठे प्रमाण टिपले. विषुववृत्ताजवळ इतक्या उथळ जागी बर्फ किंवा खनिजांत बांधलेले पाणी असल्याची ती खूण आहे.