एकाच ब्लॉकच्या तीन पिढ्या
(लेखांक सातवा)

ट्रकच्या इंजिनाचे नाव, सिलिंडरांची संख्या आणि घनक्षमता वर्षानुवर्षे तीच राहिली म्हणजे त्याचे सर्व भाग एकमेकांच्या जागी चालतील, हा समज गॅरेजांत आणि जुन्या सुट्या भागांच्या बाजारात खोलवर रुजलेला आहे. तो कुठे खरा ठरतो आणि कुठे फसवतो, हे पाहण्यासाठी कमिन्सच्या ‘बी’ मालिकेतील 5.9 लिटरच्या सहा सिलिंडरी डिझेल इंजिनाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. भारतात या मालिकेची इंजिने टाटा कमिन्सच्या जमशेदपूर कारखान्यात तयार होऊन टाटांच्या ट्रकांत आल्यामुळे महाराष्ट्रातील फिटरांनाही ती परकी नाहीत. प्रस्तुत लेखांकात मात्र अमेरिकेतील डॉज रॅम या वाहनात 1989 ते 2007 या काळात बसवल्या गेलेल्या रूपांचाच विचार केला आहे, कारण भागांची अदलाबदल ही तिथे जवळजवळ स्वतंत्र विद्याच बनली आहे.

या संपूर्ण काळात सिलिंडरचा व्यास 102 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 120 मिलिमीटर अशीच कायम राहिली. बदलत गेली ती डिझेल पुरवण्याची पद्धत. 1998च्या मध्यापर्यंत प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण 12 व्हॉल्व्ह होते आणि पंप पूर्णपणे यांत्रिक होता. त्यानंतर 2002पर्यंत 24 व्हॉल्व्हचे हेड आणि ‘व्हीपी 44’ हा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा फिरता पंप आला. 2003पासून कॉमन रेल, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या सामाईक नळीतून डिझेल देणारी व्यवस्था, सुरू झाली.

पहिला मोह हेडचा होतो. 24 व्हॉल्व्हचे हेड जुन्या ब्लॉकवर बोल्ट लावून बसवता येते, पण जुन्या हेडमध्ये इंजेक्टर तिरपा असल्यामुळे पिस्टनच्या माथ्यावरचा ज्वलनाचा खळगा एका बाजूला सरकलेला असतो, तर नव्या हेडमध्ये इंजेक्टर उभा आणि मधोमध असल्यामुळे खळगाही मध्यावर येतो. पिस्टन न बदलता केवळ हेड बदलले, तर डिझेलचा फवारा खळग्यात नीट न पडता पिस्टनच्या धातूवर आदळतो. हेड, पिस्टन आणि इंजेक्टर हे तीन भाग कागदोपत्री वेगळे असले, तरी अदलाबदलीच्या हिशेबात ते एकच धरावे लागतात.

सर्वांत गाजलेली अदलाबदल मात्र उलट्या दिशेची आहे: 24 व्हॉल्व्हच्या नव्या इंजिनावर 1994 ते 1998 या काळातील बॉशचा ‘पी 7100’ हा जुना यांत्रिक पंप बसवणे. व्हीपी 44 पंपाचे वंगण आणि गारवा हे दोन्ही त्यातून वाहणाऱ्या डिझेलवरच अवलंबून असल्याने टाकीकडून येणारा पुरवठा कमी पडला की तो लवकर निकामी होतो. पी 7100 चे वंगण इंजिनाच्या ऑइलने होते आणि त्याला संगणक लागत नाही. परंतु पंपासोबत पुढचे गिअर हाउसिंग आणि पंपाचा गिअरही 12 व्हॉल्व्हच्या इंजिनाचाच घ्यावा लागतो. नव्या हेडमध्ये डिझेल बाजूने आत जाणाऱ्या आडव्या जोडनळीतून इंजेक्टरपर्यंत पोहोचत असल्यामुळे जुन्या पाइपलाइनी निरुपयोगी ठरतात व नव्या मुद्दाम घडवाव्या लागतात. जुना यांत्रिक फीड पंप कॅमशाफ्टवरील एका स्वतंत्र उंचवट्यावर चालत असे. नव्या कॅमवर तो उंचवटाच नसल्याने विजेचा फीड पंप ठेवणे भाग पडते.

टायमिंगची गोष्ट याहून नाजूक आहे. व्हीपी 44 च्या शाफ्टवर चावी असते आणि तिच्यावरचा क्रमांक त्या विशिष्ट पंपाशी जुळवावा लागतो. पी 7100 च्या निमुळत्या शाफ्टला चावी नसते. गिअर केवळ नटाच्या ताणाने घट्ट धरलेला असतो. त्या निमुळत्या भागावर ऑइलचा पुसटसा थर राहिला, तरी जोर पडताच गिअर सरकतो आणि टायमिंग बिघडते. त्यामुळे जोडणीपूर्वी दोन्ही पृष्ठभाग कोरडे ठणठणीत करणे हे या कामातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वेळा टाळले जाणारे पाऊल होय.

जुना भाग आपले जुने दुखणेही घेऊन येतो. 12 व्हॉल्व्हच्या गिअर हाउसिंगची जागा निश्चित करणारी पोलादी डॉवेल पिन कंपनाने बाहेर सरकून टायमिंग गिअरांत पडू शकते, म्हणून हाउसिंग बसवतानाच तिच्या तोंडावर लहानशी पट्टी बोल्टाखाली दाबून ती अडवतात. नवा भागही निर्दोष असतोच असे नाही: 1999 ते 2001 दरम्यानच्या काही ब्लॉकांवर डाव्या बाजूला 53 हा आकडा ओतलेला दिसतो, आणि पाण्याच्या जॅकेटची भिंत पातळ असल्यामुळे त्यांना चीर जाऊन कूलंट गळण्याच्या तक्रारी प्रसिद्ध आहेत. पंपावर खर्च करण्याआधी हा आकडा पाहणे शहाणपणाचे.

हे सर्व तांत्रिकदृष्ट्या साधले, तरी कायद्याचा प्रश्न उरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या धोरणानुसार बदललेले इंजिन वाहनाच्याच मॉडेल वर्षाच्या किंवा त्यानंतरच्या प्रमाणित रचनेशी जुळणारे असावे लागते. 1994 सालचा यांत्रिक पंप चढवलेले 1999च्या वाहनाचे इंजिन ही अट पूर्ण करत नाही. ते ट्रॅक्टर-पुलिंगच्या मैदानावर शोभून दिसते, रस्त्यावरच्या मालवाहू गाडीत ते लावू नये.