शितावरून भाताची परीक्षा, पण कोणत्या शितावरून?

भात शिजला का हे पाहण्यासाठी कोणी अख्खे पातेले रिकामे करत नाही. दोन शिते बोटांत दाबली की कळते. आंबेमोहोर पिकवणाऱ्या मुळशी तालुक्यात हे कोणाला शिकवावे लागत नाही. निवडणुकीची जनमत चाचणी याच तत्त्वावर चालते आणि रक्ताची तपासणीसुद्धा. तरीही रक्ताचा अहवाल बहुधा बरोबर येतो आणि निवडणुकीचे अंदाज मात्र अनेकदा फसतात. असे का होते?

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातले चार-पाच मिलिलिटर काढले तरी हिमोग्लोबिन कळते, कारण हृदय दर मिनिटाला जवळजवळ सगळे रक्त शरीरभर फिरवते. हाताच्या शिरेतले आणि पायाच्या शिरेतले हिमोग्लोबिन जवळपास सारखेच असते. समाजाला असे ढवळणारे हृदय नाही. एका वाडीत, एका सोसायटीत, एका वयोगटात सारख्या विचारांची माणसे एकत्र सापडतात. म्हणून ढवळण्याचे काम पाहणी करणाऱ्यालाच करावे लागते. प्रत्येक भागातली, प्रत्येक वयाची माणसे यादीतून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडावी लागतात.

अशी निवड नीट झाली, तर १,००० लोकांना विचारून आलेली टक्केवारी बहुतेक वेळा खऱ्या आकड्याच्या तीन टक्के अलीकडे-पलीकडे असते. मग प्रश्न एका तालुक्याचा असो की अख्ख्या महाराष्ट्राचा. पण निवड चुकली, तर लाखो लोकांना विचारूनही उपयोग नाही. १९३६ मध्ये अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. त्यातल्या वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून लँडन जिंकणार असे साप्ताहिकाने जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत विजयी झाले. नावे घेतली होती ती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या काळात फोन आणि मोटार परवडणारी माणसे म्हणजे पातेल्यातला वरचा थर. शिवाय ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली, ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी फार कमी लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला.

हाच धोका मुळशीत समजून घेणे सोपे आहे. तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी-माणचे आयटी पार्क, मध्ये पिरंगुटचे कारखाने आणि दुसऱ्या टोकाला धरणापलीकडची, ताम्हिणीकडची गावे. फोनवरून पाहणी केली तर हिंजवडीतली माणसे सहज सापडतील. पण त्यांच्यातल्या अनेकांचे नाव मतदारयादीत दुसऱ्याच गावी असेल. पावसाळ्यात दुपारी दारोदार फिरले तर घरी म्हातारी माणसे भेटतील. भातलावणीला खाचरात गेलेल्या बायका भेटणार नाहीत.

माणूस भेटला तरी तो खरे सांगेलच असे नाही. नातेवाइकांसमोर विचारले तर ‘मी तंबाखू खात नाही’ असे सांगणारा रुग्ण एकटा असताना वेगळे उत्तर देतो, हे कोणत्याही डॉक्टरला माहीत असते. मतदारही माणूसच आहे. त्यात लढत एकाच घरातली असेल तर कोडे आणखी अवघड होते. अमेरिकेत पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी पक्षांतर्गत मतदान होते, त्याला ‘प्रायमरी’ म्हणतात. सगळेच उमेदवार एका पक्षाचे असल्याने मत शेवटपर्यंत हलते राहते आणि मतदानाला नेमके कोण येणार याचाही भरवसा नसतो. २०१६ च्या मार्चमध्ये मिशिगनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत चाचण्यांनी हिलरी क्लिंटन यांना सुमारे वीस टक्क्यांची आघाडी दिली होती. जिंकले बर्नी सँडर्स.

मुळशीने अशी घरातली लढत २०२४ मध्ये पाहिली. हा तालुका बारामती लोकसभा आणि भोर विधानसभा मतदारसंघात येतो. लोकसभेला सुप्रिया सुळे यांनी सुनेत्रा पवार यांना दीड लाखाहून अधिक मतांनी हरवले. नोव्हेंबरमध्ये भोरची विधानसभेची जागा मात्र अजित पवार यांच्या राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर यांनी जिंकली. रक्तदाबाचा आकडा जसा त्या दिवसाचा, त्या वेळेचा असतो, तसेच मताचेही आहे.

चाचणी चुकली तरी मतमोजणीच्या दिवशी तिची चूक उघडी पडते. १ जून २०२४ ला बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० हून अधिक जागा दिल्या, ४ जूनला २९३ मिळाल्या आणि विषय संपला. आरोग्याच्या पाहणीला मात्र असा मतमोजणीचा दिवस नसतो.

२०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात १,६६४ जणांच्या रक्तात कोविडच्या प्रतिपिंडांची तपासणी झाली. ५१.५ टक्के लोकांत ती सापडली. ‘निम्म्या पुण्याला कोरोना होऊन गेला’ असा अर्थ अनेकांनी काढला. पण ही तपासणी मुळात जास्त रुग्ण आढळलेल्या पाच प्रभागांत झाली होती. आकडा खरा होता, पण तो त्या पाच प्रभागांचा होता, साऱ्या शहराचा नव्हे. पुढच्याच वर्षी दुसऱ्या लाटेत पुण्यात खाटा आणि प्राणवायू मिळणे कठीण झाले.

रक्तक्षयाचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. ही पाहणी शास्त्रशुद्ध आहे, पण ती जिल्ह्यापर्यंतच उतरते. पुणे जिल्ह्याच्या सरासरीत कोथरूडही येते आणि धरणापलीकडची वाडीही. त्या वाडीतल्या बाईचे हिमोग्लोबिन सात असले तरी सरासरीत ते दिसत नाही. गावातल्या शिबिरावरूनही अंदाज बांधता येत नाही, कारण शिबिराला येते ती चालत येऊ शकणारी, मजुरी बुडवणे परवडणारी बाई. लोहाच्या गोळ्या किती पाठवायच्या, परिचारिका कुठे नेमायची हे अशाच आकड्यांवर ठरते. जी मोजली गेली नाही, तिच्या वाट्याला गोळ्याही कमी येतात.

म्हणून टक्केवारी वाचताना, मग ती मतांची असो वा आजाराची, चार प्रश्न विचारावेत. कोणाला विचारले? त्यांना कसे निवडले? कधी विचारले? आणि कोण राहून गेले? निवडणुकीच्या अंदाजात शेवटचा प्रश्न विसरला, तर चार दिवस वादाला विषय मिळतो. आरोग्याच्या पाहणीत तो विसरला, तर राहून गेलेली बाई बाळंतपणाच्या वेळी थेट रुग्णालयात येते, आणि तेव्हा गोळ्या देऊन भागत नाही, रक्ताची बाटली शोधावी लागते.