पिल्लू अशक्त का? दोष खाण्याचा की जोडीचा?



घरात लॅब्राडॉरचं पिल्लू आलं की त्याचं खाणंपिणं बघायचं काम बहुतेक वेळा आपल्याकडेच येतं. मग ते वाढलं नाही की "नीट खायला घालत नाहीस" हे बोलणंही आपल्यालाच ऐकावं लागतं. पण काही पिल्लांचं दुखणं खाण्यातलं नसतं, जन्मापासून अंगात असतं. लॅब्राडॉर जातीत असाच एक आनुवंशिक स्नायूंचा आजार आहे. डॉक्टर त्याला सेंट्रोन्यूक्लिअर मायोपथी म्हणतात.

लक्षणं कोणती?
साधारण 2 ते 5 महिन्यांच्या वयात ती दिसू लागतात. भावंडांच्या मानाने अंग भरत नाही. मान खाली घालून चालतं. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम टाकतं. थोडं खेळलं की दमून खाली बसतं, थंडीत तर जास्तच. शुद्धीवर असतं, पण अंगात ताकदच नसते.

जंत, हाडं कमजोर होणं, डिस्टेंपर यांमुळेही पिल्लू अशक्त होतं. म्हणून घरच्या घरी ठरवू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या तर अजिबात देऊ नका, कुत्र्याला त्या विषासारख्या लागू शकतात.

आजार येतो कुठून?
सिकलसेलच्या तपासणीत आपण 'वाहक' आणि 'रुग्ण' हे शब्द ऐकले आहेत. इथेही तसंच आहे. बिघडलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच पिल्लू आजारी पडतं. एकाकडूनच आलं तर ते वाहक होतं, म्हणजे दिसायला धडधाकट, पण बिघाड पुढच्या पिढीला देऊ शकणारं. दोन वाहकांची जोडी लावली तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता 4 मध्ये 1 असते. नर असो की मादी, धोका सारखाच. म्हणून "आईबाप तर ठणठणीत आहेत" एवढं ऐकून भागत नाही.

मग करायचं काय?
आजार बरा करणारं औषध नाही. त्यामुळे कोणी टॉनिकने बरं करतो म्हणालं तर पैसे घालवू नका. मात्र साधारण वर्षाचं झाल्यावर आजार बहुधा वाढत नाही. थंडीपासून जपलं, दमवलं नाही, तर कुत्रं पुढे बरीच वर्षं जगू शकतं.

2005 मध्ये हा जनुकातला बिघाड सापडला. तेव्हापासून रक्तावरून किंवा गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावरून डीएनए तपासणी करता येते.

समूहाचं कर्ज घेऊन पिल्लं विकायचा धंदा करायचा विचार असेल, तर आधी हे बघा:
- नर-मादी दोघांच्या तपासणीचा कागद मागा.
- दोन वाहकांची जोडी कधीच लावू नका. जवळच्या नात्यातलीही नको.
- आजारी पिल्लू झालं असेल तर तीच जोडी पुन्हा लावू नका.
- 2017 च्या नियमांनुसार राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. आणि पिल्लू अशक्त निघालं म्हणून कोणत्याही ताईला दोष देण्याआधी त्याच्या आईबापांची चौकशी करा.

— तुमची क्षेत्र समन्वयक