पाषाणांतील राजा आणि देव

पवित्र शास्त्रांत ज्यास मिसर म्हटलें आहे, त्या इजिप्त देशाच्या दक्षिण सीमेजवळ, नाईल नदीच्या पश्चिम तीरीं, अबू सिंबेल येथें दुसरा रामसेस या फारोनें इसवी सनापूर्वीं तेराव्या शतकांत डोंगर कोरून एक देवालय निर्माण केलें. द्वाराच्या दोहों बाजूंस त्याच्याच चार बैठ्या मूर्ति असून प्रत्येकीची उंची सुमारें २० मीटर, म्हणजे ६५ फूट आहे.

एवढी प्रचंड मूर्ति कशासाठीं? इजिप्तच्या शिल्पांत आकार ही एक भाषाच होती. ज्याचें महत्त्व अधिक, त्याची आकृति मोठी. म्हणूनच राजाच्या पायांशीं उभ्या असलेल्या राणीची व राजपुत्रांची उंची त्याच्या गुडघ्यापलीकडे जात नाहीं. मस्तकावरील जोडमुकुट उत्तर व दक्षिण ह्या दोन्ही प्रदेशांवरील सत्ता दर्शवितो, तर कपाळावरील फणा काढलेला नाग राजाचें रक्षण करितो. मुद्रेवर क्रोध नाहीं, हर्षहि नाहीं. क्षणिक भावनांना अशा मूर्तींत स्थान नसे.

आंत गेल्यावर ह्या भाषेचा पुरा अर्थ कळतो. गाभाऱ्यांत चार मूर्ति एका ओळींत बसल्या आहेत: प्ताह, आमून-रा, रामसेस व रा-होराख्ती. राजा देवांच्या पंक्तीस बसला आहे! भिंतींवर तर देवरूप पावलेल्या स्वतःलाच तो नैवेद्य अर्पण करीत आहे. पूजक तोच आणि पूज्यहि तोच.

परंतु दर्शनी मूर्तींपैकीं एकीचा वरचा भाग प्राचीन काळींच भूकंपानें कोसळला. तो अद्याप तिच्या पायांशीं पडलेला आहे. ह्याच राजाच्या वादी एस्-सेबुआ येथील देवालयाचें पुढें ख्रिस्ती उपासनामंदिर झालें. गाभाऱ्यांतील देवमूर्तींवर गिलावा देऊन तेथें संत पेत्राचें चित्र काढण्यांत आलें. कालांतरानें बाजूचा गिलावा गळाला व जुनें कोरीव काम उघडें पडलें. आतां तेथें फारो रामसेस गालीलच्या एका कोळ्यास फुलें वाहतांना दिसतो!

आस्वानच्या धरणाच्या पाण्यांत अबू सिंबेल बुडूं नये म्हणून १९६४ ते १९६८ ह्या काळांत युनेस्कोच्या पुढाकारानें तें देवालय कापून सुमारें ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यांत आलें. विद्यार्थ्यांनो, त्यासाठीं झटणाऱ्या राष्ट्रांपैकीं एकहि रामसेसला देव मानीत नव्हतें. त्यांनीं जपलें तें मनुष्याच्या हातांचें कौशल्य. राजानें आपलें नांव खोल कोरविलें. कोरणारे हात मात्र अनामच राहिले, आणि आज आदर होतो तो त्यांच्या कामाचा.